प्रकाशाने गाठ मारणारी इम्युनोथेरपी: तिच्यासाठी बाबांचं ऑपरेशन थांबवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, तीसेक वर्षं खर्रा खाल्लेला. दोन वर्षांपूर्वी उजव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छातीचं मांस लावलं, नंतर ३० लाईट घेतले. आता त्याच बाजूला जबड्याखाली गाठ आली आणि सुईच्या तपासणीत पुन्हा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, स्कॅन बघू, जमलं तर पुन्हा ऑपरेशन. दरम्यान पुण्याच्या भावाने एक व्हिडिओ पाठवला: जपानमध्ये लाल प्रकाश टाकून कॅन्सर मारतात, केस जात नाहीत, आणि उरलेला कॅन्सर शरीराची प्रतिकारशक्तीच संपवते. मुलगा विचारतो, "त्यात नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट म्हटलंय, ते आपलं जामठ्याचंच का? तिथे होत असेल तर ऑपरेशन थांबवतो. नसेल तर उमरेडकडची दोन एकर विकून जपानला न्यायचीही तयारी आहे."

भाऊ, आधी दोन उत्तरं देते, मग कारणं. ऑपरेशन शक्य आहे असं डॉक्टर म्हणत असतील तर ते थांबवू नका. आणि शेताचा सौदा आज करू नका, बयाणाही घेऊ नका.

मी नागपुरात तोंड आणि मानेच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते. हा प्रकाशाचा उपचार, इंग्रजीत फोटोइम्युनोथेरपी, मी स्वतः कुणाला दिलेला नाही. पण ज्या रुग्णांसाठी तो तयार झाला, म्हणजे ऑपरेशन आणि रेडिएशन होऊनही त्याच जागी गाठ परत आलेले, ते माझ्या ओपीडीत रोज असतात. त्यामुळे यातलं नवं काही आलं की मी पहिल्यांदा हेच बघते, की आपल्याकडच्या माणसाच्या तोंडात आणि मानेत ते करता येईल का.

व्हिडिओतलं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अमेरिकेतलं आहे, बेथेस्डाचं. आपल्या नागपूरजवळच्या जामठ्याच्या संस्थेचं नाव तेच आहे, म्हणून हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. तिथले जपानी संशोधक हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने २०११ साली हा उपचार पहिल्यांदा उंदरांवर दाखवला. औषध म्हणून त्याला पहिली परवानगी जपानने सप्टेंबर २०२० मध्ये दिली, तीही सशर्त. म्हणजे पुरावा अजून अपुरा आहे, पण या रुग्णांकडे दुसरे पर्याय कमी आहेत, म्हणून वापरू द्या आणि माहिती गोळा करत राहा, अशी. ही परवानगी डोकं-मानेच्या अशाच कॅन्सरसाठी आहे ज्यात ऑपरेशन होऊ शकत नाही, आणि त्यातही नेहमीचे उपचार शक्य असतील तर आधी तेच करायचे, असं तिथल्या वापराच्या सूचनांमध्येच आहे. तुमच्या बाबांचं ऑपरेशन होऊ शकत असेल, तर खुद्द जपानमधला डॉक्टरही त्यांना आधी ऑपरेशनच सुचवेल.

एक खुलासा करायलाच हवा. बाबांनी घेतलेले ३० 'लाईट' म्हणजे रेडिएशन, कुणी त्याला शेक म्हणतं. ते क्ष-किरण असतात, डोळ्याला दिसत नाहीत, शरीराच्या आरपार जातात. व्हिडिओतला प्रकाश खराखुरा लाल प्रकाश आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आधी लाईट झालेत म्हणून हा घेता येत नाही असंही नाही, उलट ज्यांचे लाईट होऊन गेलेत त्यांच्यावरच तो मुख्यतः तपासला गेला.

आता तो चालतो कसा ते बघू, कारण मर्यादा तिथूनच कळतात. तोंडाच्या बहुतेक कॅन्सर पेशींच्या अंगावर ईजीएफआर नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारी सेटुक्सिमॅब नावाची अँटीबॉडी आपल्याकडेही अनेक वर्षं वापरात आहे. कोबायाशींच्या गटाने तिला एक रंगद्रव्य जोडलं. हे जोड-औषध सलाईनमधून देतात. ते रक्तातून फिरत गाठीपर्यंत पोहोचतं आणि पेशींच्या पापुद्र्यावर जाऊन बसतं. नुसतं बसून त्याचं हे काम होत नाही. २० ते २८ तासांनी, साधारण दुसऱ्या दिवशी, गाठीवर ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. प्रकाश पडला की रंगद्रव्याच्या रेणूचा एक भाग तुटून पडतो, पाण्यात विरघळणारा रेणू पाण्याला नकोसा होतो, आकसतो, आणि ज्या पापुद्र्याला चिकटला आहे तो फाडतो. पेशीत बाहेरून पाणी शिरतं, ती फुगते आणि फुटते. हे काही मिनिटांत घडतं. प्रत्यक्ष प्रकाश टाकण्याचा वेळ एका जागेसाठी चार ते सहा मिनिटांचाच असतो.

म्हणजे पेशी मरायला दोन अटी लागतात: औषध चिकटलेलं असणं आणि तिथे प्रकाश पोहोचणं. पोटात, हातावर कुठे औषध चिकटलं असेल तरी तिथे प्रकाश पडत नाही, म्हणून ते गप्प राहतं. या पद्धतीचं खरं बळ हेच आहे. मात्र व्हिडिओत म्हणतात तसं 'फक्त कॅन्सरलाच' लागतं हे अर्धं खरं. ईजीएफआर निरोगी कातडीवर आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावरही असतं. प्रकाशाच्या टप्प्यात जे अस्तर येतं त्यालाही सूज येते, जखम होते. दुखतं इतकं की प्रकाश टाकतानाच पूर्ण भूल द्यावी लागते.

प्रतिकारशक्तीचा भाग यापुढे सुरू होतो. केमोने किंवा रेडिएशनने बऱ्याच पेशी हळूहळू, आतल्या आत मिटून मरतात. इथे पेशी एकदम फुटते आणि तिच्यातला माल, म्हणजे प्रथिनं आणि धोक्याचे रासायनिक संदेश, आजूबाजूला सांडतो. तो उचलणाऱ्या संरक्षक पेशी जवळच्या लसीकाग्रंथीत जातात आणि टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, दाखवतात: असा चेहरा दिसला की मारा. कोबायाशींच्या गटाने २०१६ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाठीभोवती काही टी-पेशी अशा असतात ज्या बाकीच्यांना दाबून ठेवतात. या वेळी अँटीबॉडी कॅन्सरला नव्हे, त्या दाबून ठेवणाऱ्या पेशींना चिकटणारी घेतली आणि प्रकाश एकाच गाठीवर टाकला. उंदराच्या अंगावरच्या दुसऱ्या, प्रकाश न पडलेल्या गाठीही आक्रसल्या. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. नेहमीच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधांत, तिच्यावरचा असाच एक ब्रेक अख्ख्या शरीरात सोडला जातो, त्यामुळे कुणाला आतड्याची सूज, कुणाला फुप्फुसाची, कुणाचं थायरॉईड कायमचं बंद. ब्रेक फक्त गाठीपुरता सोडता आला तर खूप काही साधेल.

पण ते उंदीर होते. माणसात एका गाठीवर प्रकाश टाकल्याने दुसरीकडची गाठ हमखास जाते असा पुरावा आज नाही. तो असता तर सोबत वेगळी इम्युनोथेरपी द्यायची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात या प्रकाश-उपचाराला पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड देऊन मोठी चाचणी सुरू करावी लागली आहे. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात अँटीबॉडीचा असा तुकडा बनवला आहे जो अतिनील प्रकाश पडल्यावरच लक्ष्याला कायमचा जखडतो. प्रकाशाने चालू होणाऱ्या टी-पेशींवरही काम चालू आहे. हे सगळं प्रयोगशाळेतलं. बाबांच्या निर्णयात ते आज धरू नका.

मग माणसांतले आकडे काय? ज्या अभ्यासाच्या जोरावर परवानगी मिळाली, त्यात त्या टप्प्यात ३० रुग्ण होते, सगळे परत आलेल्या कॅन्सरचे. सुमारे ४३ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय लहान झाली, १३ टक्क्यांची स्कॅनवर पूर्ण दिसेनाशी झाली. निम्मे रुग्ण साधारण नऊ महिन्यांच्या पुढे जगले. जपानमधला वेगळा अभ्यास ३ रुग्णांचा होता. तुलनेसाठी दुसरा गट यांपैकी कशातच नव्हता. ज्यांच्यावर सगळे उपाय करून झालेत अशा रुग्णांत ४३ टक्के हा आकडा मला आशेचा वाटतो, हे मनापासून सांगते. पण ३० माणसांच्या जोरावर मी कुणाला शेत विकायला सांगणार नाही.

आता बाबांच्या गाठीकडे येऊ. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर बोटं ठेवून बघा. पांढऱ्या उजेडातला लालच काय तो थोडाफार पलीकडे येतो, कारण रक्त बाकीचे रंग गिळतं. तळहाताचा जाड भाग ठेवला तर तोही जवळजवळ दिसत नाही. ६९० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातल्या त्यात खोल जातो, तरी उपयोगी ताकदीने सेंटिमीटरभरच. जिभेच्या कडेवरची पातळ गाठ असेल तर वरून टाकलेला प्रकाश पुरतो. जबड्याखालची, कातडी आणि स्नायूंच्या आत असलेली तीन सेंटिमीटरची गाठ असेल तर वरून काही होत नाही. तिथे पोकळ सुया ठरावीक अंतराने गाठीत खुपसून, त्यांतून बाजूने प्रकाश फेकणारे धागे आत घालतात. आमचे रेडिएशनचे सहकारी ब्रेकीथेरपीसाठी, म्हणजे गाठीच्या आतून रेडिएशन देण्यासाठी, अशाच नळ्या घालतात, त्यामुळे ते कसब नागपुरात नवं नाही. सुया घालता येतील की नाही हे मात्र सुई जाते त्या वाटेत काय आहे यावर ठरतं.

त्या वाटेत मानेची मोठी धमनी असते, कॅरोटिड. गाठ तिच्या भिंतीत शिरली असेल तर हा उपचार देत नाहीत, तशी स्पष्ट मनाई आहे. कारण सोपं आहे: गाठ झपाट्याने मेली की तिने धरून ठेवलेली धमनीची भिंत उघडी पडते, आणि फुटली तर काही मिनिटांत माणूस जातो. रेडिएशन झालेल्या मानेत ती भिंत आधीच कमकुवत असते. हाच प्रश्न ऑपरेशनलाही लागू आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी स्कॅन बघू असं म्हटलं, ते बरोबर आहे. स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की एकच ओळ शोधा: गाठ आणि कॅरोटिड यांच्यात अंतर आहे का, नसेल तर गाठीने धमनीला किती वेढा घातलाय. थोडा स्पर्श आणि जवळजवळ पूर्ण वेढा यात ऑपरेशन होणं आणि न होणं इतका फरक आहे. रिपोर्टमध्ये लिहिलं नसेल तर रेडिओलॉजिस्टला लिहून मागा. रोजच लोक मागतात, त्यात संकोच करू नका.

दुसरी गोष्ट गालाला लावलेल्या छातीच्या मांसाची. त्या जाड पट्टीच्या मागे गाठीचा दुसरा अंश दडलेला असेल तर तोंडाच्या आतून टाकलेला प्रकाश पट्टीतच संपतो. हाताने चाचपून हे नीट कळत नाही, कारण रेडिएशननंतर तिथलं सगळंच लाकडासारखं लागतं. एमआरआयमध्ये त्यातल्या त्यात बरं कळतं.

तिसरी गोष्ट तोंड किती उघडतं ही. जपान-अमेरिकेच्या लिखाणात ती फारशी दिसत नाही, आणि आपल्याकडे तर तीच पहिली. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घासून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की गालाचं अस्तर आतून आवळत जातं. त्यावर ऑपरेशन, त्यावर रेडिएशन. माझ्याकडे येणारे असे बरेच रुग्ण समोरच्या दातांमध्ये स्वतःचं एकच बोट घालू शकतात. भूल द्यायची तर श्वासाची नळी कुठून घालणार, इथपासून प्रश्न सुरू होतो. नाकातून दुर्बिणीने घालता येते, किंवा आधी गळ्याला छिद्र करावं लागतं. प्रकाश टाकल्यानंतर घशाला सूज येणं हा माहीत असलेला धोका आहे, आणि एका बोटाएवढ्या तोंडात सूज आली तर आयत्या वेळी नळी जात नाही. त्यामुळे अशा माणसाला हा उपचार द्यायचा झाला तर गळ्याच्या छिद्राची तयारी आधीपासून ठेवावी लागेल. बाबांचं तोंड किती उघडतं ते आजच बोटांनी मोजा आणि ओपीडीत सांगा. ऑपरेशनसाठीही भूलतज्ज्ञ हेच पहिलं विचारतील.

उन्हाचंही ऐका. औषध अंगात असताना कातडी प्रकाशाला हळवी असते. जपानमध्ये रुग्णाला सुरुवातीचे दिवस मंद उजेडाच्या खोलीत ठेवतात आणि पुढे काही आठवडे थेट ऊन टाळायला सांगतात. फोटोडायनॅमिक थेरपी म्हणून याचीच जुनी बहीण आहे, तिच्यातल्या पोर्फिमर या औषधात तर किमान ३० दिवस सांभाळावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि ऊन फक्त अंगणात नसतं, कूलर बसवलेल्या उघड्या खिडकीतूनही येतं. पुढे कधी हा उपचार विदर्भात आला तर खोली कशी झाकायची हे घरच्यांना शिकवणं हा त्यातला मोठा भाग असेल.

जपानचा खर्च मांडून दाखवते, म्हणजे विषय मोकळा होईल. डोस अंगाच्या क्षेत्रफळावर असतो, दर चौरस मीटरला ६४० मिलिग्रॅम. बारीक बांध्याच्या माणसाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तर ९६० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार बाटल्या. औषध बाजारात आलं तेव्हा जपानमध्ये एका बाटलीची ठरलेली किंमत १० लाख येनच्या थोडी वर होती. येनचा भाव ५५ ते ६० पैसे धरला तर नुसतं औषध एका फेरीला २२ ते २५ लाख रुपये. हॉस्पिटल, भूल, लेझर, महिनाभराचा मुक्काम वेगळा. फेऱ्या किमान चार आठवड्यांच्या अंतराने चारपर्यंत देता येतात, आणि एकीत भागेल असं आधी कुणी सांगू शकत नाही. तिथल्या नागरिकांना सरकारी विमा आहे, तुम्हाला नाही. शिवाय जाण्याच्या तयारीत जे दीड-दोन महिने जातील, त्यात कॅरोटिडपासून दूर असलेली गाठ तिला चिकटू शकते. मला खरी भीती याची आहे, पैशांपेक्षा जास्त.

मग इथे काय होऊ शकतं? ते स्कॅनवर अवलंबून आहे, म्हणून मी क्रम सांगते, निर्णय नाही.

गाठ काढण्याजोगी असेल तर काढणं. परत आलेल्या कॅन्सरमध्ये बरं होण्याची सगळ्यात चांगली संधी आजही स्वच्छ निघालेल्या ऑपरेशनमध्येच आहे. दोन वर्षांनी परत आलेली गाठ सहा महिन्यांत परत आलेल्या गाठीपेक्षा सहसा कमी आक्रमक असते, आणि बाबांच्या बाजूने असलेली ही चांगली गोष्ट आहे. ऑपरेशन कठीण आहे असं एकाने सांगितलं तर दुसरं मत जरूर घ्या. नागपुरातलं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, सरकारी मेडिकल कॉलेज, जामठा, सगळीकडे तोंडाच्या कॅन्सरचा अनुभव दांडगा आहे. मुंबईला टाटाला जायचं तर सगळे कागद आणि स्कॅनची सीडी घेऊन जा, म्हणजे तपासण्या पुन्हा करण्यात आठवडे जाणार नाहीत. बाबा महात्मा फुले योजनेत बसत असतील तर तेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

काढता येत नसेल, तर बाबांना इम्युनोथेरपीच हवी असं तुमचं म्हणणं असेल तर ती इथेच आहे, प्रकाशाशिवायची. नायव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं याच कॅन्सरसाठी वापरतात. पूर्ण डोसचा खर्च बहुतेक घरांना झेपत नाही हे खरं. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक चाचणी केली, तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना नावानिशी विचारा: कमी डोसचं नायव्होलुमॅब. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे १६ टक्के जिवंत होते, नायव्होलुमॅब जोडलेल्यांत ४३ टक्के. या अभ्यासात १५१ रुग्ण होते, कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, आणि रुग्ण आपल्याकडचेच होते, आपल्यासारखंच खाणारे, आपल्यासारखेच उशिरा येणारे. व्हिडिओतल्या उपचारापेक्षा हा पुरावा पक्का आहे, आणि खर्च कितीतरी कमी. ४० मिलिग्रॅमच्या एका बाटलीत दोन रुग्णांचा डोस होतो, म्हणून एकाच दिवशी दोघांना बोलावून खर्च आणखी आटोक्यात ठेवता येतो.

प्रकाशाच्या उपचाराचा आपल्या देशातला धागाही सांगण्यासारखा आहे. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांसोबत, तोंडाच्या अगदी सुरुवातीच्या छोट्या कॅन्सरवर स्वस्तातल्या एलईडी दिव्याने फोटोडायनॅमिक थेरपीचा अभ्यास झाला. त्यात अँटीबॉडी नाही, वेगळं औषध आहे, आणि खोली काही मिलिमीटरच. बाबांच्या गाठीला ते लागू नाही. पण आपल्याकडच्या खर्राच्या कॅन्सरला उद्या प्रकाशाचा उपयोग झाला तर तो मला याच टोकाला दिसतो: गालावर पांढरा-लाल चट्टा आहे, कॅन्सर नुकताच सुरू झालाय, गाल कापायचा नाही. तुमच्या घरात, शेजारी कुणी अजून खर्रा खात असेल, गालात चट्टा असेल, तिखट लागत असेल, तोंड कमी उघडत असेल, तर त्याला बाबांच्या पुढच्या तारखेला सोबत घेऊन या. तपासायला दोन मिनिटं लागतात.

प्रकाश आणि प्रतिकारशक्ती ही जोडी ऐकायला नवी वाटते, पण ती व्हिडिओएवढी नवी नाही. कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसायचं हे वैद्य पिढ्यानपिढ्या सांगत आले. बावचीत सोरालेन गटातली रसायनं असतात. त्याच गटातलं औषध वापरून रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशींवर अतिनील किरण टाकायचे आणि त्या परत शरीरात सोडायच्या, या उपचाराला अमेरिकेत कातडीच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी, म्हणजे टी-पेशींच्याच एका कॅन्सरसाठी, १९८८ सालीच मान्यता मिळाली. ती पद्धत आजही चालते, ठरावीक आजारांपुरती. गाठीच्या कॅन्सरला ती लागू पडत नाही. प्रकाशाच्या प्रत्येक उपचाराची जागा अशीच अरुंद आणि नेमकी असते, आणि तुमच्या बाबांची गाठ त्या जागेत बसते का हे स्कॅनशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

म्हणूनच 'लेझरने कॅन्सर बरा, चिरफाड नाही' अशा जाहिरातींपासून सांभाळा. कापायला वापरतात तो लेझर उष्णतेने ऊती कापतो, ती शस्त्रक्रियाच आहे. रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून जो मंद लेझर देतात तो जखम भरायला मदत करतो, कॅन्सर मारत नाही. घरी लावायचे लाल दिवे गाठीवर काहीच करत नाहीत, कारण प्रकाशाला पकडणारं औषध तिथे चिकटलेलंच नसतं. कुणी 'तीच जपानी थेरपी' म्हणून पैसे मागितले तर तीन गोष्टी विचारा: सलाईनमधून दिलेल्या औषधाचं नाव काय, प्रकाश किती नॅनोमीटरचा, आणि भारताच्या औषध नियंत्रकाची परवानगी कुठे आहे. तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर तिथून उठा.

चाचणीतून हा उपचार मिळू शकतो का, हे मात्र जरूर बघा. भारतात माणसांवर होणारी प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. तिथे तोंडाचा कॅन्सर आणि फोटोइम्युनोथेरपी असं इंग्रजीत टाकून शोधा. चाचणी दिसली तर कोणत्या हॉस्पिटलात आहे, भरती चालू आहे का, आणि आधी रेडिएशन झालेला रुग्ण चालतो का, एवढं वाचा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी मागितले तर ती चाचणी नाही. संमतीपत्र मराठीत मागायचा बाबांना हक्क आहे, आणि सही करण्याआधी ते घरी आणून वाचायचाही.

बाबांच्या दुखण्याचं आत्तापासूनच बघा, निर्णयाची वाट न बघता. गाठ वाढताना कान, डोकं, खांदा दुखतो, माणूस जेवत नाही, आणि वजन उतरलं की ऑपरेशन असो, इम्युनोथेरपी असो, काहीच सोसत नाही. वेदना कमी करणारा विभाग शेवटच्या दिवसांसाठीच असतो हा समज काढून टाका. मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका. तोंड उघडत नसेल तर नाकातून जेवणाची नळी घालणं म्हणजे हार नव्हे. माझे कितीतरी रुग्ण नळीवर वजन वाढवून मग ऑपरेशनला गेले आहेत.

या आठवड्यात एवढं करा. एमआरआय किंवा सीटी, आणि जमल्यास पेट स्कॅन, म्हणजे फुप्फुसात काही नाही ना ते कळेल. तिथे गाठी असतील तर मानेवर प्रकाश टाकून किंवा मान कापून पूर्ण उपाय होत नाही, मग क्रम बदलतो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा कागद शोधून ठेवा. रेडिएशनचा किती डोस कुठे पडला हे पुन्हा लागतं. आणि जिथे पहिली बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये अर्ज देऊन मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, मागून घ्या. पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते, इम्युनोथेरपीचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. बऱ्याच लॅब जुने ब्लॉक काही वर्षांनी टाकून देतात, म्हणून हे काम उद्याच करा. अर्जासोबत बाबांच्या आधारची प्रत आणि बायोप्सीचा नंबर लागेल. नंबर जुन्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात असतो.

स्कॅनचा रिपोर्ट आला की त्यातली कॅरोटिडची ओळ, बाबांचं वजन आणि तोंड किती बोटं उघडतं, एवढं इथे लिहा. बाबांचं नाव आणि केसपेपर नंबर तेवढा झाका.